बारवेतली पांढरी पावलं

कातळवाडी नावाच्या एका गावात एक बारव होती, आणि त्या बारवेत दरवर्षी बाया पडत.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाणी खोल होतं. एकेचाळीस पायऱ्या उतरायच्या, घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि एकेचाळीस पायऱ्या चढायच्या. एका उन्हाळ्यात चार बाया पडत, कधी सहा. कुणाचा हात मोडे, कुणाची कंबर धरे. याची नोंद कुणीच ठेवली नव्हती. गावात किती बैल मेले हे पाटलाला पाठ होतं. किती बाया पडल्या असं विचारलं, तर तो म्हणे, "बायकांचं लक्ष नसतं हो. बोलत बोलत चढतात."

बायांचं लक्ष होतं. इतकं होतं, की वरून नवव्या पायरीला त्यांनी नाव ठेवलं होतं. ही पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा चार बोटं उंच होती. डोक्यावर भरली घागर असली की खाली बघता येत नाही. पाय सवयीने उचलला जातो आणि तिथेच ठेचकाळतो. म्हणून त्या पायरीला सगळ्या 'सासू' म्हणत. पुढे चढणारी मागचीला ओरडून सांगे, "सासू आली गं, पाय उचल!"

ठकू नावाची एक बाई दोन वर्षांपूर्वी याच पायरीवर पडली. तिचा उजवा गुडघा मोडला, तो पुरता जुळलाच नाही. नवरा राजाच्या फौजेत, दूर मुलखात. घरी आंधळे सासरे आणि दोन म्हशी. दिवसाला आठ खेपा केल्याशिवाय तिचं घर चालत नसे. आपण दुसऱ्यांदा पडलो तर पुन्हा उभं राहता येणार नाही, आणि मग त्या घरात पाणी आणायला कुणी उरणार नाही, हे तिला प्रत्येक खेपेला आठवे.

त्या साली राजा कातळवाडीवरून चालला होता. ठकू लंगडत पुढे गेली आणि घोड्यासमोर उभी राहिली.

"महाराज, तुमच्या लढाईत पाय मोडला तर मान मिळतो. आमच्या बारवेत मोडला तर बोलणी मिळतात. मान नको. पायऱ्या तेवढ्या नीट करा."

पाटलाचा चेहरा उतरला. राजा मात्र भला होता. तो घोड्यावरून उतरला, बारवेत डोकावला आणि सगळे राजे करतात तेच त्याने केलं. माणसं नेमली. राजधानीच्या शिल्पशाळेतले विरूपाक्षशास्त्री नव्या पायऱ्यांचा आराखडा करतील, गावचा सटवाजी पाथरवट त्या बांधील, आणि होळीच्या आत काम पुरं होईल. होळीनंतर पाणी आणखी खाली जाई. बाया पडत त्या तेव्हाच.

विरूपाक्षशास्त्री नऊ वर्षं पायऱ्यांवर एक ग्रंथ लिहीत होते. देवळांच्या, घाटांच्या, राजवाड्यांच्या पायऱ्यांची मापं त्यात होती. माणूस विद्वान होता आणि प्रामाणिकही होता, हे सांगायलाच हवं. त्यांच्या घरी पाणी पितळी तांब्यात भरून समोर येई. ते तांब्यात कुठून येतं, हा प्रश्न त्यांना नऊ वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"नुसत्या ग्रंथावरून मी आराखडा करणार नाही," ते पाटलाला म्हणाले. "आधी डोळ्यांनी बघेन."

गावाला बरं वाटलं. शास्त्रीबुवांनी बारवेच्या काठावर घोंगडी अंथरली, वही उघडली आणि अकरा दिवस उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

आता कातळवाडीत एक रीत होती. वडीलधारा किंवा सरकारी माणूस बारवेवर असला, तर बाई त्याच्यासमोरून भरली घागर घेऊन चढत नसे. घागर खाली ठेवायची, पदर ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि तो जाईपर्यंत थांबायचं. एरवी असा माणूस दोन क्षणांत निघून जाई. शास्त्रीबुवा जातच नव्हते.

बाया आल्या, उभ्या राहिल्या, कंटाळल्या, रिकाम्या हातांनी परत गेल्या. दुपारी पुन्हा डोकावल्या. बुवा होतेच. बुवांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'येथील स्त्रिया पायऱ्यांवर बराच काळ उभ्या असतात. चढताना हात मोकळे असतात. विश्रांतीची आवड दिसते.'

गावात म्हशी हंबरत होत्या. ठकूचे सासरे ओट्यावरून विचारत, "गेला का गं तो लिहिणारा?"

"नाही मामंजी. अजून अभ्यास चाललाय."

दिवेलागणीला बुवा उठले की सगळ्या बाया एकदमच उतरत आणि अंधूक उजेडात घाईघाईने चढत. त्या अकरा दिवसांत दोन बाया पडल्या. दोघी 'सासू'वर. पायऱ्यांच्या अभ्यासानेच त्यांना पाडलं. वहीत त्यांचा उल्लेख नव्हता, कारण तोवर वही मिटलेली असे. पाटलाला सगळं ठाऊक होतं. पण राजाच्या माणसाला 'बुवा, जरा उठा' असं सांगायला जी छाती लागते, ती त्याच्याकडे नव्हती.

बाराव्या दिवशी आराखडा तयार झाला. पायऱ्या बुटक्या आणि ऐसपैस, दगड आरशासारखा गुळगुळीत, आणि दर दहा पायऱ्यांना बसायला ओटा.

सटवाजीने कागद हातात घेतला, एकदा सरळ धरला, एकदा उलटा धरला.

"यात वर कुठलं आणि खाली कुठलं?"

"सटवाजी, थट्टा नको."

"थट्टा नाही बुवा. ही बारव माझ्या आजाने बांधली. तीस वर्षं मी तिची डागडुजी करतोय, पाठीवर दगड घेऊन. पायरी कशी असावी ते माझ्या गुडघ्यांना विचारा. वहीला काय विचारता?"

"नववी पायरी कुणाच्या गुडघ्यांना विचारून घातली होती?"

"दगड जसा निघाला तसा आजाने बसवला. चांगल्या दगडाला उगाच दुखवू नये, असं आमच्यात मानतात."

"बायांना दुखवलेलं चालतं?"

सटवाजीने कागदाची घडी केली आणि छिन्नीखाली दाबून ठेवली. भांडण तिथून सात दिवस चाललं. बुवा म्हणत, अडाण्याच्या हाती शास्त्र गेलं. सटवाजी म्हणे, ज्याने दगड उचलला नाही त्याने पायरी शिकवू नये. दोघांचाही आवाज मोठा होता, आणि त्या आवाजात ठकूचा गुडघा कुणालाच ऐकू येत नव्हता. ती आपल्या आठ खेपा करत होती आणि होळीपर्यंतचे दिवस मोजत होती.

शेवटी पाटील वैतागला. "दोघंही बारा-बारा पायऱ्या घाला! बारवेशेजारच्या उतारावर, एकमेकांना लागून. बाया चढतील. बाया सांगतील." आयुष्यात तो शहाणपणाचं एवढं एकच बोलला, तेही रागाच्या भरात.

पायऱ्या तयार झाल्या. सगळं गाव जमलं. उताराच्या तळाशी बाया भरल्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"चढा की आता!" शास्त्रीबुवा म्हणाले.

कुणी हललं नाही. ठकूने पदर सावरला आणि भिंतीकडे न वळता थेट त्यांच्याकडे बघितलं.

"बुवा, आधी पाठ करा."

"का?"

"तुमच्या समोरून आम्ही भरल्या घागरीने चढत नाही. रीत आहे."

"असं कसं? मी अकरा दिवस बघितलंय तुम्हाला!"

"अकरा दिवस तुम्ही आम्हाला थांबलेलं बघितलंत. तुम्ही कधी जाताय, याची वाट बघत होतो आम्ही."

शास्त्रीबुवांनी वही उघडली. पानं उलटली. 'बराच काळ उभ्या असतात.' 'हात मोकळे असतात.' त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हणजे या वहीत जे आहे..."

"ते तुमचं आहे. आमचं काही नाही त्यात."

सटवाजी पोट धरून हसला. मग गावचे सगळे पुरुष, बुवा आणि सटवाजीसुद्धा, उताराकडे पाठ करून उभे राहिले. परीक्षा सुरू झाली आणि परीक्षकांना फक्त ऐकू येत होती.

आधी बुवांच्या पायऱ्या. पाऊल वाजे, मग अर्धवट घासटे, मग पुन्हा वाजे. पायरी इतकी ऐसपैस, की एका पावलात ती पार होईना आणि दोन पावलं तीत मावेनात. अर्धं पाऊल टाकून पुन्हा तोच पाय उचलावा लागे. ठकूच्या नशिबी दर खेपेला उजवा आला. दुखरा. चौथ्या पायरीपासून तिचं कण्हणं सगळ्यांना ऐकू आलं. वर एकीचा ओला पाय गुळगुळीत दगडावरून सटकला, तिने कशीबशी घागर सावरली.

मग सटवाजीच्या पायऱ्या. दगड पक्के, एकही डुगडुगत नव्हता. पण पायऱ्या उंच आणि आखूड. बायांचा श्वास लागलेला ऐकू येत होता. आणि मग एक धडपड, एक किंकाळी, आणि तांब्याची घागर ठणठणत बारा पायऱ्या गडगडत खाली आली.

रीत कुणाच्या लक्षात राहिली नाही. सगळे वळले. ठकू पायरीवर बसली होती. मागून चढणाऱ्या काशी नावाच्या बाईने तिचा दंड धरून ठेवला होता, म्हणून ती वाचली होती. सटवाजीने इथेही एक दगड जसा निघाला तसाच बसवला होता. तीन बोटं उंच.

सटवाजीचं हसू गेलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पोरी, लागलं का?"

"नाही. पण ही दुसरी सासूच केलीस, दादा."

"मला समजत नाही," तो म्हणाला. तो मनापासून बोलत होता. "माझ्या गुडघ्यांना हीच पायरी बरोबर वाटते. तीस वर्षं ओझं वाहिलंय मी."

शास्त्रीबुवांनी ती उंच पायरी बोटांनी मापून बघितली. मग त्यांनी विचारलं, "सटवाजी, दगड घेऊन तुम्ही बारवेत उतरता की चढता?"

"उतरतो. काम खालीच असतं."

"आणि वर येताना?"

"मोकळा."

"बाया मोकळ्या उतरतात आणि ओझं घेऊन चढतात," बुवा म्हणाले. "तुमचे गुडघे खोटं बोलत नाहीत. ते उलट्या वाटेचं सांगतायत."

एकाने अकरा दिवस बघितलं होतं आणि त्याला काही दिसलं नव्हतं. दुसऱ्याने तीस वर्षं केलं होतं आणि ते उलटं केलं होतं. दोघं एकाच दगडावर शेजारी शेजारी बसले. भांडायला आता काही उरलं नव्हतं.

ठकूने गुडघा चोळला आणि उठली. "आता दोघं सुतकी तोंडं करून बसू नका. होळीला बावीस दिवस आहेत. मला या उन्हाळ्यात पडायचं नाहीये."

"पण करू काय?" बुवा म्हणाले. "मी बघायला आलो की तुम्ही थांबता. न बघता कसं बघू?"

ठकू काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर जमिनीवर गेली. सटवाजीचे पाय दिवसभर दगडाच्या भुकटीने पांढरे असत. घागर सांडून ओल्या झालेल्या काळ्या दगडांवर त्याची पांढरी पावलं उमटली होती.

"सटवाजीदादा आत्ता कुठून कुठे गेला, ते सांगायला त्याला बघायला हवं का?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सटवाजीने बारवेच्या सर्वांत खालच्या पायरीवर भुकटीचा जाड थर पसरला. मग तो आणि बुवा देवळात जाऊन बसले. बाया आल्या, पाणी भरलं, ओल्या पायांनी भुकटी तुडवली आणि नेहमीसारख्या गप्पा मारत, एकमेकींना 'सासू'ची आठवण करून देत चढून गेल्या. दुपारी बारव रिकामी झाली, तेव्हा दोघं उतरले.

एकेचाळीस पायऱ्यांवर पावलंच पावलं होती. शास्त्रीबुवा धोतर खोचून रांगत रांगत प्रत्येक पाऊल मोजत होते आणि सटवाजी सुतळीचं दुसरं टोक धरून होता. टाच कुठल्याच पायरीवर पुरती टेकलेली नव्हती. पायऱ्या तेवढ्या रुंद नव्हत्याच. 'सासू'च्या कडेवर अंगठ्यांचे खरवडल्यासारखे फराटे होते. आणि डाव्या भिंतीवर, हाताच्या उंचीला, तळापासून वरपर्यंत एक तेलकट काळी रेघ होती.

"ही ओल आहे," सटवाजी म्हणाला. "मी दर दिवाळीला घासून काढतो."

"रोज बघता?"

"तीस वर्षं." मग त्याने स्वतःचं बोट त्या रेघेवरून फिरवलं. उजव्या हाताने घागर धरलेली, डावा हात भिंतीला. बायांच्या बोटांची रेघ होती ती. नव्या पायऱ्यांच्या डाव्या भिंतीत बोटं बसतील अशी खाच त्याने आराखडा यायच्या आधीच खणायला घेतली.

आठवडाभर त्यांनी उतारावर पायऱ्या नुसत्याच रचल्या, चुन्यात बसवल्या नाहीत. बाया चढत, पावलं उमटत, बुवा मोजत, सटवाजी दगड उपसून पुन्हा रचे. भांडणं आताही होत, पण ती कामाची होती.

"पायरी आठ बोटं उंच," बुवांनी हिशेबाअंती सांगितलं.

"कुणाची बोटं?" सटवाजीने आपला दांडगा पंजा पुढे केला.

नऊ वर्षं बोटांत मापं लिहिणाऱ्या बुवांनी त्या पंजाशेजारी आपला हात धरून बघितला. मग ठकूच्या आठ बोटांवरून एका काठीवर खूण केली आणि तीच काठी माप ठरली.

बुवा म्हणाले, सगळ्या पायऱ्या काठीबरहुकूम, एक केसभर कमी-जास्त नको. डोळे वर असताना पाय फक्त सारखेपणावर विश्वास ठेवतो. सटवाजी कुरकुरला, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने चांगले दगड दुखवले. उलट सटवाजी म्हणाला, दगड गुळगुळीत नको, छिन्नीने आडव्या रेघा मारू, म्हणजे ओला पाय धरून राहील. बुवांनी ग्रंथातलं 'गुळगुळीत' खोडलं.

"आणि तो बसायचा ओटा तर काढूनच टाकतो," ते म्हणाले. "तो माझा मूर्खपणा."

"काढू नका," ठकू म्हणाली. "फक्त बसायच्या उंचीचा करू नका. खांद्याच्या उंचीचा करा. डोक्यावरची घागर न वाकता टेकवता येईल. वाकूनच तर जीव जातो."

होळीच्या चार दिवस आधी काम पुरं झालं. एकेचाळीसच्या जागी त्रेपन्न पायऱ्या झाल्या होत्या. काशीने वरून बघूनच कपाळावर हात मारला. "बारा वाढवल्या! मेल्यांनी आमची सोय केली की शिक्षा?"

बुवा आणि सटवाजी देवळात जाऊन बसले, कुणी न सांगता. ठकू उतरली. घागर भरली, डोक्यावर घेतली, डावा हात खाचेत ठेवला आणि चढू लागली. मध्यावर घागर त्या उंच ओट्यावर टेकवून श्वास घेतला. पुन्हा निघाली. वरून नवव्या पायरीशी आली आणि तिचा पाय आपोआप थांबला. दोन वर्षांची भीती त्या गुडघ्यात बसलेली होती. तिने पाय उंच उचलला. तो हवेतूनच खाली आला आणि शांतपणे दगडावर टेकला. टाचेसकट.

ठकू तिथेच उभी राहून हसायला लागली. घागर हलली, पाणी सांडलं, तिच्या कपाळावरून ओघळलं.

"बायांनो, सासू गेली गं!"

मागून काशी आली. "बारा वाढल्या आणि दम कमी लागला, हे कसं गं?" ती स्वतःशीच पुटपुटत राहिली.

पुढचा सगळा महिना बाया त्या जागी सवयीने थांबत आणि एकमेकींना हसत. मग थांबणंही विसरल्या. त्या उन्हाळ्यात किती बाया पडल्या? एकही नाही. आता हा आकडा पाटलाला पाठ आहे आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

राजाने बारवेच्या तोंडाशी शिलालेख बसवला. त्यात राजाचं नाव आहे, पाटलाचं आहे. ठकूचं नाही. असे लेख कोण लिहवून घेतं हे ठाऊक असलं, की त्याचं नवल वाटत नाही. पण शास्त्रीबुवांनी आपल्या ग्रंथाचं पहिलं पान बदललं. आता तो असा सुरू होतो: 'कातळवाडीच्या बारवेवर मी अकरा दिवस बसलो. त्या अकरा दिवसांत, मी बसलो होतो म्हणून, तेथे दिवसा पाणी भरले गेले नाही. हे मला ठकूबाईंनी सांगितले.'

आणि कधी काही लिहून न ठेवणाऱ्या सटवाजीने ती खुणेची काठी देवळाच्या खांबाला बांधून ठेवली. पुढच्या साली शेजारच्या गावचा पाथरवट तिचं माप घ्यायला आला. सटवाजीने काठी त्याच्या हातात दिली आणि वर दगडाच्या भुकटीचं एक पोतंही दिलं.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"काठी आमच्या बायांची आहे," सटवाजी म्हणाला. "तुमच्या गावी आधी भुकटी पसर. मग दूर जाऊन बस."

तात्पर्य: नुसतं बघून लिहिणारा आणि नुसतं सवयीने करणारा, दोघंही अर्धेच जाणतात; ज्याच्यासाठी वस्तू घडवायची त्याच्या पावलापाशी दोघांनी एकत्र वाकावं, तेव्हाच शास्त्र खरं होतं आणि हात शहाणा होतो.